पेटीबाहेरची गलबतं

शनिवार, ४ फेब्रुवारी

संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत एकटा बसून गलबतं मोजतोय. चौथ्यांदा. नऊ भरतात. दहा हवीत.

पांढरं नाही.

टेबलाखाली पाहिलं. कपाटामागे झाडू घालून पाहिलं. पट उचलून झटकला. नाही.

पांढरं म्हणजे लंबूचं. तो दुसरं घेतच नाही. आज तो लवकर बुडाला, वादळाच्या घरात लागोपाठ दोनदा पडला, आणि पांढरं पटाबाहेर त्याच्या कोपरापाशी आडवं पडून होतं. हे मी स्वतः पाहिलं आहे. खेळ संपला, मी पेटी भरायला घेतली, तर जागेवर नाही. मी म्हणालो, कुणी उठू नका, एक कमी आहे. सगळे शोधायला लागले. लंबू तेवढा बसून हसत होता. ‘अरे, समुद्रात बुडालं ते. आता कसलं सापडतंय!’

मला काय झालं कळलं नाही. मी म्हणालो, ‘खिसे दाखव.’

चारचौघांसमोर. त्याच्याबरोबर काम करणारे दोघे वायरमन होते, चष्मेवाले काका होते. लंबूने खिसे उलटे केले. टेस्टर, काळ्या टेपचं रीळ, सायकलची किल्ली, बिस्किटांचा अर्धा पुडा. सगळं पटावर मांडलं आणि म्हणाला, ‘मीच कोरलेली वस्तू मी चोरीन? दहाच्या दहा मी चाकूने कोरली. तू फक्त रंगवलीस.’

मी जे उत्तर दिलं ते लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो. मी म्हणालो, ‘म्हणूनच तुला ती आपली वाटत असतील.’

लंबूने टेस्टर उचलला, टेप उचलला. ‘सांभाळ तुझी पेटी.’ तो गेला, मागोमाग ते दोघेही गेले. काका बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग एवढंच म्हणाले, ‘मित्राला खिसे दाखवायला लावलेस.’ आणि तेही गेले.

पाच माणसांचं मंडळ होतं. पावणेसातला होतं.

सोमवार, ६ फेब्रुवारी

ग्रंथपालबाईंनी बोलावून घेतलं. शिकवणीवाले सर शनिवारची खोली मागताहेत. ते भाडं द्यायला तयार आहेत, आम्ही फुकट बसतो. बाई वाईट नाहीत. मी आठवीनंतर शाळा सोडली तेव्हापासून मला बिनपैशाचं पुस्तक देतात. पण समितीपुढे त्यांनाही उत्तर द्यावं लागतं. म्हणाल्या, ‘सहा आठवडे देते. अठरा मार्चला साडेसहाच्या ठोक्याला मी येऊन डोकी मोजणार. आठ दिसली तर खोली तुमची. सात दिसली तर पट गुंडाळायचा.’

मी विचारलं, त्यात मला धरायचं का?

‘तुझं डोकं आहे ना? मग धर.’

आठ. आज मी एक आणि काका अर्धे.

घर दोन खोल्यांचं, दादा-वहिनी, आई आणि मी. तिथे पट पसरला तर पाय कुठे ठेवायचा? ही खोली गेली की ‘बंदर’ गेलं. दोन वर्षं लागली हा खेळ बनवायला. पट मी कारखान्यातल्या जाड पुठ्ठ्याचा केला. आम्ही तिथे खोकी बनवतो, मी कापणीच्या यंत्रावर असतो. बेटं, खाड्या, सात बंदरं, वादळाची अकरा घरं, सगळं मोजपट्टीने आखलेलं. कुठे केसाचाही फरक नाही. करंगळीएवढी गलबतं लंबूने कोरली. आणि आता मी त्याला चोर म्हणतो.

पण मग गेलं कुठे? गलबताला पाय नसतात.

बुधवार, ८ फेब्रुवारी

तीस सूचना हाताने लिहिल्या. ‘दर शनिवारी पाच वाजता. खेळायला या. येत नसेल तर शिकवू.’ प्रत्येक शब्द वाचनालयातल्या कोशात पाहून घेतला. सलून, इस्पितळाचं कँटीन, बँक, महाविद्यालयाचं फाटक, काकांचं चष्म्याचं दुकान. कारखान्यातला मुकादम म्हणाला, ‘अक्षर असं की लग्नपत्रिका वाटते. नवरी कुठंय?’

शनिवार, ११ फेब्रुवारी

पाच नवी माणसं आली!

आणि पाचही गेली. म्हणजे चार गेली आणि एक झोपली.

क्रमाने लिहितो. बरोबर पाचला महाविद्यालयातल्या दोघी बहिणी आल्या. मग दोन पोरगेले कारकून. मग कँटीनमधली सूचना वाचून एक नर्सबाई, रात्रपाळी करून तशाच, डोळे लाल. मी सगळ्यांना बसवलं, नियमांची वही उघडली आणि वाचायला लागलो. एकूण एक्केचाळीस नियम आहेत. सावकाश, स्पष्ट वाचले, म्हणजे नंतर भांडण नको. नवव्या नियमाला कारकुनांनी एकमेकांकडे पाहिलं. चौदाव्याला एकाला फोन आला, दुसरा त्याला सोबत म्हणून बाहेर गेला. एकोणिसाव्याला धाकटी बहीण म्हणाली, ‘दादा, पाणी पिऊन येतो.’ पाणी प्यायला दोघी गेल्या, पिशव्या घेऊन.

तेविसाव्याला नर्सबाई घोरल्या.

काका आले होते. कसे आले, का आले, बोलले नाहीत. मी वही मिटली तेव्हा म्हणाले, ‘थांबलास का? माझाही आत्ताच डोळा लागत होता.’

त्या आवाजाने नर्सबाई जाग्या झाल्या. खूप ओशाळल्या. भरपाई म्हणून खेळते म्हणाल्या. हिरवं गलबत घेतलं. काकांचं लाल आणि माझं काळं ठरलेलंच. तिघांत खेळ काही रंगत नाही. तरी तास काढला. नंतर त्या घाईघाईने गेल्या.

पेटी भरली. मोजली. आठ.

हिरवं नाही.

रविवार, १२ फेब्रुवारी

हिरवं नाही. रात्रभर तेच.

बुधवार, १५ फेब्रुवारी

कारखान्यातून सुटल्यावर इस्पितळाच्या फाटकाशी चाळीस मिनिटं उभा होतो. आत जाऊन काय म्हणणार? बाई, खिसे दाखवा? परत आलो.

घरी वहिनीने ओळखलं. म्हणाली, ‘भावजी, चेहरा का असा? यंत्राखाली बोट गेलं का?’ तिला मंडळाचं सांगितलं. माणसं टिकत नाहीत एवढंच. लंबूचं नाही सांगितलं, गलबतांचंही नाही. लाज वाटते. एक्केचाळीस नियमांचं ऐकून ती पीठ मळता मळता थांबली.

‘पाहुणा दारात आला की तुम्ही त्याला आधी घराचा नकाशा पाठ करायला लावता? इथे मोरी, इथे कपाट, इथे पाय घसरतो? अहो, आत तरी घ्या त्याला. घसरला की सांगा.’

मी म्हणालो, घसरल्यावर सांगून काय उपयोग?

‘तेव्हाच ऐकतं माणूस.’

शनिवार, १८ फेब्रुवारी

चार वाजून पंचावन्न मिनिटांनी दार उघडलं. नर्सबाई! टेबलावर हिरवं गलबत ठकन ठेवलं.

‘घे बाबा तुझं जहाज. एप्रनच्या खिशात राहिलं. आठवडाभर टोचत होतं. इंजेक्शन काढायला हात घातला की हे हातात. पेशंट विचारतात, सिस्टर, हे कुठे टोचणार?’

काका एवढे हसले की चष्मा घसरला. त्या फक्त द्यायला आल्या होत्या, पाच मिनिटांत निघणार होत्या. उभ्याउभ्या म्हणाल्या, ‘मागच्या वेळी माझं ते मिठाच्या बंदराशी अडकलं होतं ना? आठवडाभर विचार करत होते, वळसा घालून गेले असते तर?’ आणि बसल्या. वळसा घातला. जिंकल्या!

मी वही उघडली नाही. वळसा घालताना त्या वादळाच्या घरात पडल्या, तेव्हा वादळाचा नियम सांगितला. एकच. लगेच कळला. वहिनी बरोबर होती.

जाताना त्यांनी हिरवं माझ्यापुढे धरलं. मी हात पुढे केला. पेटीतली हिरव्याची रिकामी खाच समोर दिसत होती. आणि मी म्हणालो, ‘राहू द्या तुमच्याकडे. पुढच्या शनिवारी आणा.’

हे कसं म्हणालो? 

रविवार, १९ फेब्रुवारी

सकाळपासून एकच विचार. त्या माझ्या सूचनेमुळे परत आल्या नाहीत, खेळ आवडला म्हणूनही नाही. खिशात गलबत होतं म्हणून आल्या. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला यावंच लागतं. आणि आठवडाभर ती वस्तू त्याला टोचत राहते, विचार करायला लावते.

म्हणजे पेटी भरलेली असणं हीच माझी चूक.

 दर शनिवारी सगळी गलबतं बाहेर! तरी ठरवलं. जो एकदा खेळेल त्याचं ते गलबत. घरी न्यायचं, शनिवारी आणायचं. गलबत नाही तर खेळ नाही.

नुसती नेली तर रंग जाईल. प्रत्येकाला नाडीचा बटवा शिवायचा. माझी जुनी खाकी पँट गुडघ्यात फाटली आहे, तिचंच कापड घेतलं. वहिनीकडे जाड दोरा मागितला. तिने शिवणाच्या डब्यातून पांढऱ्या दोऱ्याचा गच्च गुंडा काढून फेकला. ‘घ्या. दादांच्या गोण्या शिवायला आणलेला, भरपूर आहे. पण सुईत ओवायला मला बोलवायचं नाही.’

दुपारपर्यंत तीन बटवे. टाके मोजून घातले, एका बाजूला चौदा.

शनिवार, २५ फेब्रुवारी

दोघी बहिणी रस्त्यात भेटल्या, कोपऱ्यावरच्या दुकानापाशी. मला पाहून दुसरीकडे बघायला लागल्या. मी जवळ गेलो आणि खिशातून पिवळं आणि निळं काढून एकेकीच्या हातात ठेवलं. म्हणालो, ‘ही तुमची. पाचला सुटतात.’ आणि वळून चालू लागलो. मागून धाकटी ओरडली, ‘दादा, नियम?’

‘नाहीत!’

पाचला पाच मिनिटं कमी असताना दोघी हजर. थोरली म्हणाली, ‘आम्ही परत द्यायला आलोय.’ सगळे तेच म्हणतात! धाकटी आधीच पटावर वाकली होती.

आजपासून एक नवा रिवाज. नव्या माणसाची पहिली चूक समुद्रात. कुणी मोजायची नाही, कुणी हसायचं नाही. नियम पाय घसरेल तेव्हाच सांगायचा. आज एकूण सहा नियम सांगितले. उरलेले पस्तीस कुणाला लागलेच नाहीत. त्यातले निम्मे तर लंबू कशावर भांडेल याचा विचार करून मी लिहिले होते.

आज चार माणसं अधिक मी. पाच.

गुरुवार, २ मार्च

काकांच्या दुकानात गेलो. लाल गलबत काउंटरवर, चष्म्यांच्या मधोमध, आरशासमोर. मी घाबरलो, उन्हात रंग उडेल! काका म्हणाले, ‘उडू दे. डोळे तपासायला येणारा प्रत्येक माणूस अक्षरं वाचायच्या आधी हे काय म्हणून विचारतो. बँकेतला कॅशियर म्हणाला, मला दिसतंय ते गलबत आहे की माझा नंबर वाढलाय? त्याला म्हटलं, नंबर शनिवारी कळेल, बायकोलाही आण.’

तीस सूचनांनी जे झालं नाही ते काउंटरवरच्या एका लाकडाच्या तुकड्याने केलं.

शनिवार, ४ मार्च

सात! कॅशियर आले, बायकोसकट. त्यांना जांभळं, तिला राखाडी. कॅशियर नोटा मोजल्यासारखी घरं मोजतात, बोटाला थुंकी लावून. त्यांची बायको पहिल्याच खेळात त्यांचा माल पळवून गेली. ‘घरी हिशेब करू,’ म्हणाले. ती म्हणाली, ‘घरी पण मीच जिंकते.’

खेळ भरात असताना तिने विचारलं, ‘पांढरं नाही का? मला पांढरं आवडलं असतं.’

मी म्हणालो, हरवलं.

काका माझ्याकडे पाहत होते. फासे माझ्या हातात होते, मी टाकले.

मंगळवार, ७ मार्च

केस कापायला गेलो. सलूनवाला म्हणाला, ‘शेठ, सूचना माझ्या आरशाला, गर्दी तुमच्या खोलीत, आणि मला कोण बोलावणार?’ मी नारिंगी काढून दिलं. त्याने वस्तऱ्यांच्या शेजारी ठेवलं. आठवा!

बाहेर आलो तर समोरच्या खांबाला शिडी लावलेली. वर लंबू. त्याने खाली पाहिलं. मी वर पाहिलं. हाक मारावी असं तोंडाशी आलं. पण आधी कुणी बोलायचं? चोरलं त्याने. तो तारेकडे वळला, मी घराकडे.

आता लिहिताना वाटतं, नर्सबाईंनी नेलं तेव्हाही मला पहिल्यांदा चोरीच वाटली होती.

शनिवार, ११ मार्च

आठ. आठ. आठ. वहीत आठ सह्या!

आज सलूनवाला नारिंगी दुकानात विसरला. खोलीत पाऊल टाकल्यावर आठवलं. मी म्हणालो, गलबत नाही तर खेळ नाही. तो धावत परत गेला. आम्ही वीस मिनिटं थांबलो. आधी मला वाटलं, संपलं, आता सगळे उठतील. पण कुणी उठलं नाही. नर्सबाईंनी पेशंटचे किस्से सांगितले. थोरल्या बहिणीने कॅशियरांना गणित विचारलं, ते चुकले. काकांनी सगळ्यांचे चष्मे पुसून दिले. सलूनवाला घामाघूम होऊन आत आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी इतकी वर्षं ठरल्या वेळेला ठरला खेळ सुरू करत होतो. ती वीस मिनिटं कधी कुणाला दिलीच नाहीत.

आता एक शनिवार उरला.

गुरुवार, १६ मार्च

नर्सबाईंचा निरोप. शनिवारी ड्युटी बदलली, दुपारी दोन ते दहा. सुटणं शक्य नाही. ‘बाळा, मला माफ कर.’

सात.

शुक्रवार, १७ मार्च

मुकादमाला विचारलं. त्याच्याकडे पाहुणे. दादाला विचारलं. तो म्हणाला, ‘मी येऊन काय करू, गोण्या मोजू?’ आईचे पाय दुखतात. वहिनी म्हणाली, आले असते पण माहेरची माणसं यायची आहेत, आणि त्यांना गलबतावर बसवून परत पाठवता येत नाही.

लंबू आला तर आठ होतील, हा विचार आला. आठ भरण्यासाठी त्याला बोलावू? लाज वाटली. नाही.

शनिवार, १८ मार्च

हे सगळं नीट लिहून ठेवायचं आहे, म्हणून घरी येऊन हातपाय धुऊन बसलो.

पाचला सगळे आले. मी, काका, दोघी बहिणी, कॅशियर, त्यांची बायको, सलूनवाला. सात. कुणाचंच खेळात लक्ष नाही. शिकवणीवाले सर बाहेरच्या बाकावर येऊन बसलेले. फळ्याचं माप घ्यायला आले होते! धाकटीने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, ‘दादा, त्यांच्याच हातात तपकिरी ठेवू का?’ मी हो म्हणणार होतो.

सव्वासहा. सहा वीस.  काका म्हणाले, ‘फासे टाक रे. गेली तर खोली जाईल. माणसं कुठं जातायत?’ खोली गेल्यावर माणसं कुठे बसतील हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

सहा सव्वीसला बाहेर स्कूटर थांबली. दारात एक दांडगा माणूस, इस्पितळाच्या गाडीवरच्या ड्रायव्हरचा गणवेश, हातात माझा खाकी बटवा.

‘बंदर म्हणतात ते हेच का? हिरवं गलबत पोचवायचंय. सिस्टर म्हणाल्या, साडेसहाच्या आत गेलं नाही तर उद्यापासून मला चहा बंद.’

 मग सलूनवाल्याने खुर्ची ओढली. ‘या, बसा की.’

‘नको, नको. माझी ड्युटी सुटलीय, घरी जातोय. नुसतं द्यायचं होतं.’

‘सगळे नुसतं द्यायलाच येतात,’ थोरली म्हणाली.

मी म्हणालो, ‘मिठाच्या बंदराशी थांबलंय ते. एक डाव तेवढा टाका, नर्सबाईंच्या वतीने.’ तो उभ्याने टाकायला वाकला. सहा पडले. ‘मग आता?’ म्हणाला आणि बसला.

साडेसहाचा ठोका. ग्रंथपालबाई. चष्म्यावरून बघत एकेक डोकं बोटाने मोजलं. सहा. सात. ड्रायव्हरपाशी बोट थांबलं.

‘हे कोण?’

ड्रायव्हरने पटावरून मान वर केली नाही. ‘थांबा बाई, माझं वादळात आहे.’

‘आठ,’ बाई म्हणाल्या.

आम्ही ओरडलो. वाचनालयात! बाईंनी तोंडावर बोट ठेवलं, पण हसत होत्या. बाहेर जाऊन सरांना सांगितलं, ते आम्ही आतून ऐकलं. ‘फळ्याचं माप दुसरीकडे घ्या.’

परत येऊन त्यांनी पेटी उघडली. आत दहा खाचा, एकीत तेवढं तपकिरी. ‘गलबतं रात्री असतात कुठे?’

‘घरोघरी,’ धाकटी म्हणाली.

‘आणि हरवली तर?’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छाती काढून म्हणालो, ‘हरवत नाहीत. नेतो तो आणतो.’

काकांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले.

निघताना ड्रायव्हर म्हणाला, ‘हिरवं तर सिस्टरचं. मग माझं कुठलं?’ तपकिरी दिलं. शेवटचं. उद्या त्याचा बटवा शिवायचा. पुढच्या शनिवारी नऊ!

रविवार, १९ मार्च

सकाळी दहा. ड्रायव्हरच्या बटव्याला बसलो. दुसऱ्या बाजूचे अकरा टाके झाले आणि दोऱ्याचा गुंडा सैल पडला. खाली लाकूड दिसलं. वहिनीने दोरा कशावर तरी गुंडाळला असणारच, म्हणून ओढत राहिलो. दोरा संपला. हातात लाकडाचा तुकडा राहिला, करंगळीएवढा, दोन्ही टोकांना निमुळता, पांढऱ्या रंगाचा. डोलकाठीच्या जागी भोक.

वहिनीला दाखवलं. ती म्हणाली, ‘हे होय. तुमच्या खाकी पँटच्या खिशात होतं, धुताना सापडलं. वरची काडी मोडली होती. कारखान्यातला तुकडा असेल म्हटलं, दोरा गुंडाळायला बरा. का, काय झालं?’

सगळं आठवलं. लंबू बुडाला होता. पांढऱ्याची डोलकाठी हलत होती, ते मला बघवेना. घरी नेऊन डिंक लावू म्हणून मीच उचललं, मीच खिशात घातलं. मग सलग तीन डाव मी मोजत होतो, भांडत होतो. लंबूचे खिसे उलटे करायला लावले, माझे बघितले नाहीत.

वहिनीला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. तिने सुटलेला दोरा गोळा केला. मग म्हणाली, ‘म्हणजे पहिलं गलबत घरी नेलं ते तुम्हीच. आणि परत मात्र नेलं नाहीत.’

सोमवार, २० मार्च

लंबू त्याच खांबावर होता. खाली उतरेपर्यंत उभा राहिलो. तो काही बोलायच्या आत माझे दोन्ही खिसे उलटे केले आणि पांढरं त्याच्यासमोर धरलं. म्हणालो, इथे होतं. त्याने ते उलटंपालटं करून पाहिलं. भोकावर अंगठा फिरवला. ‘काठी मोडलीस.’ पिशवीतून तांब्याची तार काढली, पेरभर तोडली, भोकात बसवली, वाकडी होती ती सरळ केली. माझ्याकडे पाहिलं नाही. गलबत खिशात घातलं आणि शिडी खांद्यावर घेऊन गेला.

बाहेर: दहा. पेटीत: शून्य. देणं: लंबूचे सहा शनिवार.